अंगणातली वेधशाळा

पाऊस या विषयावर मत नसलेला माणूस आपल्याकडे सापडणे कठीण. ‘यंदा पूर्वीसारखा पाऊस राहिला नाही’, ‘आमच्या लहानपणी मृगाच्या पहिल्या दिवशी हमखास भिजायचो’, ‘असला उन्हाळा पन्नास वर्षांत पाहिला नाही’, ही वाक्ये बसथांब्यावर, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर कुठेही ऐकू येतात आणि बोलणाऱ्याकडे कुणी पुरावा मागत नाही. पंचांगातली नक्षत्रांची वाहने, सहदेव-भाडळीची वचने, तरणा पाऊस आणि म्हातारा पाऊस, वळीव आणि हत्तीचा पाऊस अशी शब्दांची श्रीमंती ज्या समाजाकडे आहे, त्याच्या घरात पाऊस मोजायचे साधे भांडे मात्र क्वचितच आढळते. घरोघरी वजनकाटा असतो, ताप बघायचा थर्मामीटर असतो, आता तर रक्तदाबाचे यंत्रही आले. पण रात्रभर कोसळलेला पाऊस किती, असे कुणी विचारले तर आपल्यापाशी ‘खूप’ आणि ‘बेताचा’ यांच्यापलीकडे उत्तर नसते.

हे उत्तर मिळवण्याची सोय आता आवाक्यात आली आहे. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात पर्जन्यमापक, वातकुक्कुट आणि वायुभारमापक यांच्या आकृत्या आपण परीक्षेपुरत्या काढल्या आणि विसरलो. तीच सगळी उपकरणे एका दांड्यावर बसवून, बिनतारी पद्धतीने घरातल्या छोट्या पडद्यावर आकडे दाखवणारे संच काही हजार रुपयांपासून पुढे मिळू लागले आहेत. बाहेरच्या भागात तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, दिशा आणि पाऊस मोजला जातो. हवेचा दाब बहुधा आतल्या पडद्यातच मोजला जातो, कारण तो घरात आणि अंगणात सारखाच असतो. संच हलका असतो. आज गच्चीवर, उद्या गावच्या घरी, परवा शेतावर, असा तो नेता येतो.

विकत घेण्याआधी एक प्रश्न मात्र स्वतःला विचारायला हवा. हवामान खाते रोज आकडे देते, मोबाइलवर तासातासाचे हवामान दिसते, मग हा वेगळा खटाटोप कशासाठी?

दोन आकडे, एक शहर

या प्रश्नाचे उत्तर मुंबईने २६ जुलै २००५ या दिवशी दिले. सांताक्रूझच्या वेधशाळेत त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याच्या वेधशाळेतला आकडा होता सुमारे ७३ मिलिमीटर. दोन्ही वेधशाळा सरकारी, दोन्ही मुंबईतल्याच, मधले अंतर पंचवीसेक किलोमीटरचे. एकीकडे माणसे गळ्याएवढ्या पाण्यातून वाट काढत होती, आणि दक्षिण मुंबईतल्या कचेऱ्यांत बसलेल्यांना उपनगरांत काय चालले आहे याची दुपारपर्यंत नीटशी कल्पनाही नव्हती. त्या प्रलयानंतर मुंबई महापालिकेने शहरात जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. एका शहराला एक पाऊस नसतो, हे त्या दिवशी फार मोठी किंमत मोजून कळले.

घाटमाथ्यावर तर हा भेद रोजचाच आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या निम्म्याहून कमी, आणि घाट उतरून वाईला आलात की तो हजाराच्याही आत. हिवाळ्यात पुण्यात पाषाणला पहाटे कुडकुडायला होते तेव्हा मगरपट्ट्यात पारा चारपाच अंशांनी वर असतो. वर्तमानपत्रात छापलेले तापमान चूक नसते. ते जिथे मोजले तिथले असते. आपल्या दारातले हवामान दुसरे कुणी मोजणार नाही, ते आपल्यालाच मोजावे लागते. घरच्या वेधशाळेचे सगळे प्रयोजन एवढ्यात आले.

जागा चुकली की आकडा चुकला

संच खोक्यातून काढून जोडायला अर्धा तास पुरतो. खरी कसोटी असते ती जागा निवडण्याची. उन्हात ठेवलेला तापमापक हवेचे नव्हे, तर स्वतःचेच तापमान दाखवतो. मे महिन्यात मोटारीच्या पडद्यावरचा ‘५० अंश’ असा आकडा टिपून मित्रमंडळींना पाठवण्याची आता पद्धत पडली आहे. तो आकडा तापलेल्या पत्र्याचा आणि डांबराचा असतो. म्हणूनच वेधशाळांमध्ये तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण छातीच्या उंचीवर ठेवतात. हवा खेळती राहते आणि ऊन आत शिरत नाही. ही पेटी योजणारे थॉमस स्टिव्हन्सन हे स्कॉटलंडमधले दीपगृहे बांधणारे अभियंते. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टिव्हन्सनचे ते वडील. आपल्याकडे या पेटीचे दार उत्तरेकडे ठेवतात, म्हणजे ते उघडून वाचन घेताना उपकरणावर थेट ऊन पडत नाही. घरगुती संचात एकावर एक पांढऱ्या बशा रचल्यासारखे जे आवरण दिसते, ते याच पेटीचे धाकटे भावंड.

तेव्हा तापमापकासाठी शक्यतो माती किंवा हिरवळ असलेली मोकळी जागा पाहावी. वातानुकूलन यंत्राचा गरम झोत, स्वयंपाकघराचा पंखा, दुपारभर तापणारी भिंत यांच्यापासून तो दूर हवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला गच्चीशिवाय पर्याय नसतो, हे खरे. मग निदान स्लॅबपासून दीडेक मीटर उंच आणि पाण्याच्या टाकीपासून लांब तरी दांडा उभा करावा. पर्जन्यमापकाला झाडाची, भिंतीची आडकाठी नको. अडथळा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर मधे असावे, असा साधा हिशेब आहे. गच्चीच्या कठड्याजवळ वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि थेंब भांड्यावरून निघून जातात, म्हणून मापक मधोमध बरा. वाऱ्याचा वेग मोजायची प्रमाण उंची दहा मीटर आहे. ती घरी साधणे अवघड, म्हणून वेगाचा आकडा अंदाजापुरता धरावा आणि दिशेकडे अधिक लक्ष द्यावे.

जागेचा हा काच भल्याभल्यांना चुकलेला नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली कुलाब्याला वेधशाळा उभारली. १८४१ पासून तिथे हवामानाच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले, आणि त्या विजेने चुंबकीय मोजमापे बिघडतील म्हणून ते काम अलिबागला हलवावे लागले. अलिबागची वेधशाळा १९०४ पासून आजतागायत ते काम करते आहे. शेजार बदलला म्हणून जिथे एका वेधशाळेला समुद्रापलीकडे बिऱ्हाड हलवावे लागले, तिथे आपण एक दांडा गच्चीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायला काय हरकत आहे?

साडेआठचा नेम

पाऊस ‘मिलिमीटर’मध्ये का मोजतात, हे कोडे मुलांना हमखास पडते. पाणी तर लिटरमध्ये मोजतात! पडलेले पाणी जमिनीत मुरले नाही, वाहिले नाही, वाफ होऊन उडाले नाही, तर जमिनीवर त्याचा जेवढ्या उंचीचा थर साचेल, तेवढा पाऊस. भांडे लहान असो वा मोठे, तळ आणि तोंड सारखे असले की थराची उंची तीच राहते. सरळ उभ्या बाजूंचा स्टीलचा डबा अंगणात ठेवला आणि सकाळी त्यात फूटपट्टी बुडवली, तरी पर्जन्यमापक तयार होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी, एवढे सूत्र मुलांनी लक्षात ठेवले की पुढची सगळी गणिते सुटतात.

घरगुती संचात आत एक छोटी तराजूसारखी जोडवाटी असते. एक वाटी ठराविक पाण्याने भरली की ती कलंडते, दुसरी पुढे येते, आणि प्रत्येक कलंडणे मोजले जाते. युक्ती छान आहे, पण मुसळधार सरीत वाट्या कलंडत असताना काही पाणी मोजायचे राहून जाते आणि आकडा कमी येतो. शिवाय पाने, कबुतरांची विष्ठा, कोळ्याची जाळी यांनी तोंड बुजले तर बाहेर धो धो आणि पडद्यावर शून्य! म्हणून मेअखेरीस गाळणी धुवावी आणि मापकाची परीक्षा घ्यावी. तोंडाचे क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर असेल, तर १०० मिलिलिटर पाणी म्हणजे १० मिलिमीटर पाऊस. एवढे पाणी थेंब थेंब करून तासाभरात सोडावे आणि आकडा जुळतो का ते पाहावे. शेजारी तो स्टीलचा डबा साक्षीला ठेवला तर आणखी उत्तम.

आता वेळ. भारतात पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतात. त्या क्षणी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटेचे तीन वाजलेले असतात, आणि जगभर हवामानाची वाचने अशा ठरलेल्या वेळांनाच होतात. साडेआठला मोजलेला पाऊस हा आधीच्या चोवीस तासांचा. घरगुती संचाचा दिवस मात्र बहुधा मध्यरात्री संपतो. त्यामुळे रात्री दोन वाजता पडलेला पाऊस संचाच्या हिशेबात आजचा, तर वेधशाळेच्या हिशेबात कालच्या साडेआठपासून सुरू झालेल्या दिवसाचा. आपला आकडा वर्तमानपत्रातल्या आकड्याशी जुळत नाही अशी तक्रार करण्यापूर्वी हे पाहून घ्यावे. सोपा उपाय म्हणजे रोज सकाळी साडेआठला पडद्यावरचा एकूण पाऊस वहीत लिहायचा आणि त्यातून कालचा वजा करायचा.

हवेच्या दाबाची गंमत आणखी वेगळी. समुद्रसपाटीपासून वर जावे तसा दाब उतरतो. सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरच्या पुण्यात तो मुंबईपेक्षा साठेक हेक्टोपास्कलने कमी भरतो. म्हणून संच सुरू करताना आपल्या जागेची उंची त्यात भरावी, म्हणजे आकडा समुद्रसपाटीच्या हिशेबात मिळतो आणि इतर गावांशी ताडून पाहता येतो. मग लक्षात येईल की दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीनचार हेक्टोपास्कलने उतरतो. रात्री दहाला पुन्हा चढ, पहाटे चारला पुन्हा उतार. ही हवेची भरती-ओहोटी आहे. सूर्याच्या उष्णतेने ती घडते आणि आपल्यासारख्या उष्ण कटिबंधात ती स्पष्ट दिसते. संचाच्या पडद्यावर ढग, छत्री, सूर्य अशी चित्रे असतात. ती दाबाच्या चढउतारावरून काढलेली असतात, आणि त्यामागचा हिशेब बहुधा थंड देशांतल्या हवेचा असतो. आपल्याकडे रोज दुपारी दाब उतरतो म्हणून रोज पाऊस येत नाही. तेव्हा त्या चित्रांवर विसंबून वाळवण आत घेऊ नये. मात्र रोजचा ताल मोडून दाब तासन् तास उतरतच राहिला, तर कान टवकारावेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले, तशा वेळी हा उतार बोलका असतो. अर्थात इशारा हवामान खात्याचाच मानायचा. आपले यंत्र हे फक्त सोबतीला.

आर्द्रतेचा आकडा घरातल्या गृहिणीला सर्वांत आधी उपयोगी पडतो. माठातले पाणी गार का होते? पाझरलेले पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जाते म्हणून. हवा आधीच दमट असली की पाणी उडत नाही, माठ गार होत नाही, घाम वाळत नाही आणि पापडही वाळत नाहीत. नागपुरात ४२ अंशांत वाळ्याचा कूलर सुखावतो आणि मुंबईत ३४ अंशांत तोच कूलर खोलीत नुसता दमटपणा वाढवतो, यामागेही हेच कारण आहे. एका उन्हाळ्यात तापमान आणि आर्द्रता शेजारी शेजारी लिहून पाहिली, तर ‘उकाडा’ या शब्दाचा अर्थ पुस्तक न उघडता कळतो.

वहीची ताकद

पाऊस मोजणे हे परकीय खूळ आहे असे मात्र कुणी समजू नये. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अध्यक्षाला पाऊस मोजण्यासाठी एक हात रुंद तोंडाचे कुंड ठेवायला सांगितले आहे. इतकेच नव्हे, कोणत्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो याची यादीही तिथे आहे. त्यात अपरान्ताच्या, म्हणजे आपल्या कोकणाच्या, पावसाला आकडाच दिलेला नाही. तो अमित, मोजमापापलीकडचा! पाऊस किती झाला यावरून पेरणी, आणि पेरणीवरून कोठार भरणार की नाही, हे त्या राज्यकर्त्याला समजून घ्यायचे होते.

पण एका वर्षाचा आकडा फारसा बोलत नाही. तो सलग लिहिला गेला की बोलू लागतो. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या रिचर्ड टाउनली यांनी १६७७ साली छपरावर नरसाळे बसवून त्याची नळी थेट आपल्या झोपायच्या खोलीत आणली, म्हणजे पाऊस मोजायला पावसात जायला नको! पुढे १८६० साली जॉर्ज सायमन्स यांनी हौशी पाऊस-मोजणाऱ्यांची संघटना सुरू केली. डॉक्टर, धर्मोपदेशक, जमीनदार, शाळामास्तर अशी माणसे तिच्यात आली, आणि १९०० साली सायमन्स वारले तेव्हा त्यांची संख्या तीन हजारांवर गेली होती. या लोकांनी हाताने लिहिलेले तक्ते दप्तरात तसेच पडून होते. मार्च २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत घरी अडकलेल्या सोळा हजारांहून अधिक स्वयंसेवकांनी असे सुमारे ६५ हजार कागद अवघ्या सोळा दिवसांत संगणकावर उतरवले. पन्नास लाखांवर नोंदी झाल्या. त्यामुळे ब्रिटनच्या पावसाचा अधिकृत इतिहास १८३६ पर्यंत मागे नेता आला आणि तिथल्या अनेक भागांत १८५५ हे सर्वांत कोरडे वर्ष होते, हे उजेडात आले. ज्यांनी ते आकडे रोज सकाळी लिहिले, त्यांना पावणेदोनशे वर्षांनी ते कुणाच्या उपयोगी पडतील याची कल्पना असणे शक्यच नव्हते.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावात २८ जुलै १९९७ रोजी पूर आला. गावाच्या एका टोकाला प्रचंड पाऊस आणि दुसरीकडे बेताचा. मोजणारे मात्र मोजकेच. म्हणून पुढच्याच वर्षी तिथल्या नागरिकांना साधे प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक लावायला सांगून एक जाळे उभे केले गेले, आणि ते पुढे देशभर पसरले. मुंबईच्या २६ जुलैची आठवण होते ती इथे.

आकडा कशासाठी लढतो

शहरी घराला पावसाचा आकडा हा विरंगुळा वाटेल, पण शेतकऱ्याच्या घरी त्यावर वर्षाचे पोट अवलंबून असते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, तर शासनदरबारी ती अतिवृष्टी मानली जाते. राज्यात महसूल मंडळांसाठी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत, ही मोठीच सुधारणा. तरीही एका मंडळात अनेक गावे येतात. ढग एका शिवारावर फुटतो आणि यंत्र दुसऱ्या शिवारात उभे असते. घरच्या नोंदीला सरकारी मापकाचा दर्जा नाही, हे खरे. पण ‘आमच्याकडे फार झाला हो’ असे म्हणत उभा राहणारा माणूस आणि चार वर्षांची तारीखवार वही पुढे ठेवणारा माणूस, यांच्या बोलण्याला येणाऱ्या वजनात फरक पडतोच.

नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागायतदारांना हे चांगले ठाऊक आहे. पाने किती तास ओली राहिली आणि हवा किती दमट होती, यावर केवडा रोग येणार की नाही हे ठरते. बागेतच बसवलेल्या यंत्राच्या आकड्यांवरून औषधाची फवारणी नेमकी कधी करायची हे ठरवता आले, तर खर्चही वाचतो आणि द्राक्षावरचे विषही कमी होते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचे उदाहरण तर सर्वपरिचित आहे. पाऊस सरला की गावात किती पडला याचा हिशेब करून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, आणि यंदा कोणती पिके घ्यायची, कोणती टाळायची हे त्यावरून ग्रामसभा ठरवते. दुष्काळी पट्ट्यातल्या त्या गावाचे नाव पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली देशभर झाले, त्यात या आकड्यांचाही वाटा आहे.

शहरातल्या सोसायटीनेही हा ताळेबंद करून पाहावा. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. पुण्यासारख्या गावी पावसाळ्याच्या चार महिन्यांत साडेपाचशे मिलिमीटर पाऊस धरला, तर त्या एका गच्चीवर पन्नास हजार लिटर पाणी उतरते. दहा हजार लिटरचे पाच टँकर! ते गटारात जाते आणि मार्चपासून आपण तेवढेच पाणी विकत घेतो. वार्षिक सभेत पर्जन्यजलसंचयावर तासभर वाद घालण्यापेक्षा गेल्या पावसाळ्याची वही मांडली, तर निर्णय लवकर होईल.

यासाठी महागडा संच हवाच असे नाही. डबा, फूटपट्टी आणि शंभर पानी वही यांवरही सुरुवात होते. यंत्राची हौस नंतर करता येते. घरातल्या शाळकरी मुलाकडे हे काम सोपवावे. सुट्टीत तो गावाला गेला तर आजोबांनी वाचन घ्यावे, आजोबांना बरे नसेल तर सुनेने. मधला एक दिवस चुकला तर तिथे अंदाजाने आकडा न लिहिता जागा कोरी सोडावी. शेऱ्याच्या रकान्यात ‘आज पहिला वळीव’, ‘गारा’, ‘दाट धुके’, ‘आंबा मोहरला’ एवढे लिहिले तरी पुरे. यंदाच्या मृगाला आरंभ करायला हरकत नाही. पुढे कधीतरी घरातले कुणी ‘पूर्वी असा पाऊस नव्हता’ म्हणाले, की नातवाने उठून वही आणावी आणि ते पान उघडून दाखवावे.